मुलींच्या राष्ट्रीय संघटनेची नोंदणी आणि नियमावली: आधी काय ठरवावे, मग काय लिहावे

मुलींसाठी राष्ट्रीय पातळीवरची युवा संघटना उभारायची, असे ठरवून सल्ल्याला येणारी मंडळी बहुधा बोधचिन्ह, गणवेशाचा रंग आणि प्रतिज्ञा घेऊन येतात. नियमावली मात्र ओळखीतल्या एखाद्या संस्थेची झेरॉक्स असते. अशाच एका मसुद्यात मला ‘सभासदांनी नेलेली पुस्तके पंधरा दिवसांत परत करावीत’ असे कलम सापडले होते, कारण मूळ नियमावली एका सार्वजनिक वाचनालयाची होती. ते कलम निरुपद्रवी होते. पण त्याच मसुद्यात शाखांविषयी एक ओळही नव्हती, आणि संघटना मात्र पाच राज्यांत शाखा काढायला निघाली होती. नोंदणीचे प्रमाणपत्र आज ना उद्या मिळतेच. पुढे संस्था अडते ती तीन प्रश्नांवर: मतदानाचा हक्क असलेला सभासद कोण, शाखेचा पैसा कोणाचा, आणि निवडून आलेले खरे कार्यकारी मंडळ कोणते. म्हणून या मार्गदर्शनात अर्जांपेक्षा नियमावलीवर अधिक भर दिला आहे. विवेचन महाराष्ट्रात मुख्यालय असणाऱ्या संघटनेला धरून आहे.

‘राष्ट्रीय’ हा दर्जा नव्हे

अमेरिकेत जूलियट गॉर्डन लो यांनी १९१२ मध्ये सव्हाना येथे सुरू केलेली गर्ल स्काउट्स ही संघटना १९१५ मध्ये कोलंबिया जिल्ह्यात, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनमध्ये, नोंदली गेली आणि १६ मार्च १९५० रोजी तिला तेथील काँग्रेसने कायदा करून सनद दिली. ते उदाहरण वाचून आपल्याकडेही अशी सनद मिळवता येईल, असे अनेकांना वाटते. भारतात स्वयंसेवी संघटनेचा तो रूढ मार्ग नाही. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झालेली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड्सची संघटना जिच्यात विलीन झाली, ती भारत स्काउट्स आणि गाइड्स ही देशव्यापी संघटनासुद्धा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालीच नोंदलेली आहे. कायद्याच्या नजरेत देशभर काम करणारी संघटना आणि गल्लीतले महिला मंडळ यांची जात एकच. फरक पडतो तो उद्दिष्टांच्या कलमात लिहिलेल्या कार्यक्षेत्राने आणि प्रत्यक्ष कामाच्या व्याप्तीने. दिल्लीत नोंदणी करणाऱ्यांकडून अखिल भारतीय स्वरूपासाठी आठ वेगवेगळ्या राज्यांतील आठ संस्थापक सभासद मागण्याची पद्धत आहे. एरवी १८६० च्या अधिनियमाला सात सभासद पुरतात.

नाव ठरवताना बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० ची अनुसूची एकदा वाचावी. केंद्र किंवा राज्य सरकारचा आश्रय असल्याचा भास होईल असे नाव नोंदवता येत नाही. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांची नावेही त्या अनुसूचीत आहेत, हे महाराष्ट्रातल्या संस्थापकांना ऐकून आश्चर्य वाटते. कंपनीच्या मार्गाने गेल्यास ‘नॅशनल’ शब्दासाठी केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते. ‘गाइड’ हा शब्द आणि तीन पानांचे चिन्ह यांच्यापासूनही दूर राहावे. ते चिन्ह जागतिक गर्ल गाइड संघटनेचे आहे, तिचे सदस्यत्व एका देशातून एकाच संघटनेला मिळते आणि भारतातील ती जागा भरलेली आहे. पुण्यातले संगम हे १९६६ पासूनचे जागतिक केंद्र त्याच संघटनेचे असल्यामुळे इथल्या पालकांचा गोंधळ अधिकच होतो. आपले स्वतःचे नाव व चिन्ह सुचले की शिक्षण व प्रशिक्षण सेवांच्या ४१ व्या वर्गात त्याचा ट्रेडमार्क अर्ज लगेच, आणि संस्थेच्याच नावाने करावा. चिन्ह एखाद्या संस्थापिकेच्या वैयक्तिक नावावर राहिले, तर ती बाहेर पडताना ते सोबत जाते.

संस्था की कंपनी

व्यवहारात दोन पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला, १८६० च्या अधिनियमाखाली संस्था. महाराष्ट्रात अशी धर्मादाय संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार आपोआप सार्वजनिक न्यासाच्या (ट्रस्टच्या) व्याख्येत येते, म्हणून स्थापनेपासून तीन महिन्यांच्या आत न्यास म्हणून दुसरी नोंदणी करावी लागते. दोन्ही नोंदण्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात. न्यासाचा क्रमांक ‘एफ’ या अक्षराने सुरू होतो आणि पुढे बँकेपासून देणगीदारापर्यंत प्रत्येक जण अनुसूची एकचा, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदवहीचा, ताजा उतारा मागतो. दुसरा पर्याय म्हणजे कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी. ती दोन सभासदांवर उभी राहते, तिच्या संचालक मंडळाची दर सहा महिन्यांत किमान एक बैठक पुरते, आणि संचालक बदलल्यावर सुनावणीची वाट पाहावी लागत नाही.

माझे मत असे की, जिथे जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडणुका होऊन नेतृत्व वर यावे अशी खरी इच्छा आहे, तिथे संस्था हाच योग्य साचा आहे. आणि जिथे पाच-सात जणींनी मिळून कार्यक्रम चालवायचे आहेत, निवडणूक नकोच आहे, तिथे लोकशाहीचा देखावा करण्यापेक्षा सरळ कलम ८ ची कंपनी काढावी. यापुढील मजकूर मुख्यतः संस्थेविषयी आहे.

सभासद कोण

ज्यांच्यासाठी संघटना आहे, त्या मुली कायद्याने तिच्या सभासद म्हणून पुरेशा ठरत नाहीत, ही या प्रकारच्या संघटनेची मुळातली अडचण आहे. अठरा वर्षांखालील व्यक्ती भारतीय करार अधिनियमाच्या कलम ११ नुसार करारास सक्षम नसते. तिला विश्वस्त किंवा पदाधिकारी करून तिच्याकडून बँकेची कागदपत्रे सही करून घेता येणार नाहीत. त्यामुळे नियमावलीत सुरुवातीलाच दोन वेगळ्या नोंदवह्या ठेवाव्यात: एक सहभागी मुलींची आणि एक मतदार सभासदांची. अनेक नियमावल्यांत ‘संघटनेत प्रवेश घेणारी प्रत्येक मुलगी सभासद मानली जाईल’ असे भावनेच्या भरात लिहिलेले असते. दहा हजार मुली नोंदल्या गेल्यावर याच वाक्यामुळे सर्वसाधारण सभेची गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी) कधीच पूर्ण होत नाही, आणि विरोधकाला प्रत्येक सभा अवैध ठरवण्याचे आयते कारण मिळते.

याचा अर्थ मुलींना बाजूला बसवावे असा नाही. मी सुचवते ते कलम असे: ‘प्रत्येक जिल्ह्यातील सहभागी मुली आपल्यातून एक प्रतिनिधी निवडतील, या प्रतिनिधींची कन्यासभा वर्षातून एकदा भरेल, तिने केलेल्या प्रत्येक शिफारशीवर कार्यकारी मंडळ ६० दिवसांच्या आत लेखी व कारणांसह उत्तर देईल आणि ते उत्तर वार्षिक अहवालात छापले जाईल.’ दुसरे कलम: ‘कार्यकारी मंडळातील किमान दोन जागा निवडीच्या दिवशी वयाची २५ वर्षे पूर्ण न झालेल्या सभासदांसाठी राखीव राहतील.’ पहिल्या कलमात लेखी उत्तराची अट महत्त्वाची आहे. ती नसेल तर कन्यासभा म्हणजे गाणी, अल्पोपाहार आणि समूहछायाचित्र एवढेच उरते.

मतदार सभासदांच्या बाबतीत १८६० च्या अधिनियमाचे कलम १५ लक्षात ठेवावे: ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत देता येत नाही. म्हणून वर्गणीची शेवटची तारीख, पावतीचा नमुना आणि मतदारयादी अंतिम करण्याचा दिवस हे नियमावलीत स्पष्ट लिहावे. निवडणुकीच्या आदल्या रात्री एकाच हस्ताक्षरातल्या शंभर पावत्या फाडल्या जाण्याचे प्रकार याच फटीतून होतात. मतदारयादी सभेच्या किमान ६० दिवस आधी गोठवावी.

सेवा फक्त मुलींपुरती मर्यादित ठेवण्यात करसवलतीची अडचण येत नाही. आयकर कायदा विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी असलेल्या न्यासाला सवलत नाकारतो, पण महिला व मुले यांच्यासाठीचा न्यास त्या व्याख्येत धरला जात नाही. मात्र ‘अमुक समाजातील मुलींसाठी’ असे लिहिले की चित्र बदलते. ज्ञातिसंस्थांच्या देणग्यांवर सुरू होणाऱ्या संघटनांनी उद्दिष्टांचे कलम लिहिताना हा मोह टाळावा.

शाखेचा पैसा कोणाचा

संघटना राष्ट्रीय होते ती शाखांमुळे, आणि फुटतेही शाखांमुळेच. येथे दोनच स्वच्छ रचना आहेत आणि त्यांतली एक निवडूनच पुढे जावे.

पहिल्या रचनेत संपूर्ण देशात एकच कायदेशीर व्यक्ती असते. शाखा म्हणजे तिचे हात-पाय. पॅन एकच, लेखापरीक्षण एकच, प्रत्येक शाखेचे बँक खाते संस्थेच्याच नावाने आणि सही करणाऱ्यांपैकी एक मुख्यालयाने नेमलेली. लातूरच्या शाखेने शिबिरासाठी गोळा केलेले चाळीस हजार रुपये हे त्या दिवसापासून संस्थेचे पैसे असतात आणि हिशेब मुख्यालयाच्या ताळेबंदात येतो. तसेच लातूरच्या शिबिरात अपघात झाला, तर नुकसानभरपाईचा दावाही मुख्यालयावरच येतो. नियमावलीतील कलम या शब्दांत असावे: ‘शाखेला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व राहणार नाही. शाखेकडे जमा होणारी रक्कम, साहित्य व दस्तऐवज ही संस्थेची मालमत्ता असेल. शाखा बरखास्त झाल्यास शाखाप्रमुख १५ दिवसांच्या आत पासबुक, पावतीपुस्तके, मुलींची नोंदवही व साहित्य मुख्यालयाकडे सुपूर्द करील.’

दुसरी रचना महासंघाची. प्रत्येक राज्यात स्वतंत्रपणे नोंदलेली संस्था, आणि त्यांची मिळून राष्ट्रीय संस्था. येथे राज्य संस्थेचा पैसा तिचाच. राष्ट्रीय संस्था तिला संलग्नता कराराने नाव, चिन्ह आणि अभ्यासक्रम वापरू देते, तिच्याकडून ठरलेले शुल्क घेते आणि अटी मोडल्यास संलग्नता काढून घेते. राष्ट्रीय सर्वसाधारण सभेत कोणत्या राज्याला किती मते, हे ३१ मार्च रोजी नोंदलेल्या मुलींच्या संख्येवर ठरवता येते, परंतु एका राज्याची मते एकूण मतांच्या ठरावीक हिश्श्यापुढे जाणार नाहीत अशी मर्यादा घालावी, नाहीतर महाराष्ट्राचीच संघटना ‘राष्ट्रीय’ नावाने चालते आणि बाकीची राज्ये दोन वर्षांत कंटाळून निघून जातात.

या निवडीवर विदेशी देणग्यांचा थेट परिणाम होतो. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ७ मध्ये २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर मिळालेली विदेशी देणगी दुसऱ्या कोणत्याही संस्थेला देता येत नाही. महासंघाच्या रचनेत मुख्यालयाने परदेशातील मराठी मंडळाकडून निधी मिळवला आणि तो राज्य संस्थांना वाटला, तर तो भंग ठरतो. एकाच संस्थेच्या शाखांना खर्चासाठी दिला, तर तो संस्थेचाच खर्च असतो. देणगी देणारे मंडळ मराठी असले तरी ती विदेशी आहे की नाही हे देणाऱ्याच्या नागरिकत्वावर आणि नोंदणीवर ठरते, आपुलकीवर नाही. विदेशी देणगी घेण्यासाठी या अधिनियमाखाली वेगळी नोंदणी लागते; तिच्यासाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असावी लागते आणि त्या काळात मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. रक्कम प्रथम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच येते, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या पुढे नेता येत नाही.

खरे मंडळ कोणते

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वादात, जिचे नाव सांगण्याचे कारण नाही, एकाच रविवारी दोन वार्षिक सभा झाल्या: एक शाळेच्या सभागृहात आणि दुसरी खजिनदारांच्या वाड्याच्या ओसरीवर. दोन्ही सभांनी आपापले मंडळ निवडले, दोघांनी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (नव्या मंडळाची नोंद घेण्याचे अर्ज) दाखल केले, आणि दोन्हीकडून पत्रे आल्यावर बँकेने खात्यावरचे व्यवहार थांबवले. मे महिन्याच्या शिबिरासाठी पालकांनी भरलेले पैसे त्याच खात्यात होते. तंबूंचे भाडे शेवटी दोन शिक्षिकांनी स्वतःच्या पगारातून दिले. सुनावणीच्या वेळी दोन्ही पक्षांकडे सुवाच्य अक्षरातली इतिवृत्ते होती. एका पक्षाकडे मात्र नोटीस पाठवल्याच्या पोस्टाच्या पावत्यांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा होता आणि दुसऱ्याकडे ‘सर्वांना फोन केले होते’ एवढेच होते.

तेव्हापासून मी प्रत्येक संस्थेला सांगते की नोटीस बजावल्याचा पुरावा हा इतिवृत्ताइतकाच जपावा. नोटीस किती दिवस आधी, ती टपालाने, ई-मेलने की हस्ते पोच घेऊन, आणि व्हॉट्सॲपवरचा संदेश पुरेसा धरायचा की नाही, हे नियमावलीत लिहून ठेवावे. विषयपत्रिका नोटिशीसोबतच जावी. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदराखाली निवडणूक, वर्गणीवाढ किंवा नियमावलीतील दुरुस्ती घेता येणार नाही, असे स्पष्ट म्हणावे. गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी घेता येते आणि तिला गणसंख्या लागत नाही, हे कलम जवळपास प्रत्येक नियमावलीत असते. ते वार्षिक हिशेब मंजूर करण्यापुरते ठीक आहे, पण निवडणुकीला आणि दुरुस्तीला ते लागू असू नये, अन्यथा सात जण चहा पिऊन परत येतात आणि संपूर्ण देशाचे मंडळ निवडतात. उद्दिष्टे बदलण्याची वाट तर अधिनियमानेच अवघड ठेवली आहे: कलम १२ नुसार प्रस्ताव विशेष सभेच्या दहा दिवस आधी सभासदांना पोचवावा लागतो, तीन-पंचमांश मते लागतात, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत तितक्याच मतांनी तो कायम करावा लागतो.

मंडळ निवडले की सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खालील बदल अर्ज ९० दिवसांच्या आत द्यावा. या अर्जासोबत नोटीस, पोच, हजेरीपट, ठरावाची प्रत आणि मावळत्या सदस्यांची संमतिपत्रे एका धाग्यात बांधून दिली की प्रकरण सुरळीत जाते. आधीच्या निवडणुकीचा बदल अर्ज प्रलंबित असताना पुढची निवडणूक येऊन ठेपणे, ही महाराष्ट्रातल्या संस्थांची जुनी दुखणी आहेत, म्हणून कार्यकाळ तीन वर्षांपेक्षा कमी ठेवू नये. पदांवर सलग दोन कार्यकाळांची मर्यादा मात्र घालावी. संस्थापक अध्यक्षांना ‘आजीव’ पद देण्याची सूचना आली, तर त्यांच्यासाठी मताधिकार नसलेले सल्लागारपद निर्माण करून मान राखता येतो.

मुलींची सुरक्षितता

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पॉक्सो, याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते, त्या प्रत्येकावर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीविषयीची अशी माहिती दडवल्यास एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. ‘आधी आपण अंतर्गत चौकशी करू, मग बघू’ हा संस्थाचालकांचा नेहमीचा पवित्रा इथे थेट गुन्हा ठरू शकतो. म्हणून बालसंरक्षण धोरणात असे लिहावे की, शिबिरातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीने माहिती मिळताच पोलिसांना आणि १०९८ या बाल मदतवाहिनीच्या क्रमांकावर कळवावे, त्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहू नये, आणि मुलीचे नाव पत्रकात, गटात किंवा सभेत उच्चारू नये.

प्रत्येक स्वयंसेविकेची पोलीस पडताळणी, कोणत्याही प्रौढाने एका मुलीसोबत बंद खोलीत एकटे न राहण्याचा नियम, आणि पालकांचे लेखी संमतिपत्र यांना पर्याय नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमानुसार अंतर्गत समिती हवी. त्या अधिनियमातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत मानधन न घेणारी स्वयंसेविकाही येते, त्यामुळे ‘आमच्याकडे पगारी कोणीच नाही’ ही सबब चालत नाही. मुलींची माहिती ऑनलाइन अर्जात भरून घेताना डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घ्यावा: अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती त्याला अपेक्षित आहे.

कर, जमीन आणि शेवट

करसवलतीसाठी लागणारी आयकराची तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळते. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा ती मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, यांपैकी जे लवकर असेल तेव्हा नियमित नोंदणीसाठी अर्ज करावा. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो. देणगीदाराला १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० जी ची करसवलत दोन हजारांवरील रोख देणगीवर मिळत नाही. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या नव्या आयकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या पावतीपुस्तकावरचा मजकूर सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावा.

शिबिरासाठी कायमची जागा हे प्रत्येक संघटनेचे स्वप्न असते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यावर बंधन आहे आणि न्यासही त्यातून सुटत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी, इसार नंतर. न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने देणे, यासाठी सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी. कर्ज काढण्यासाठीही ती लागते. अध्यक्षांनी ओळखीवर उचललेले कर्ज याला अपवाद नाही.

विसर्जनाचे कलम लिहायला सगळेच टाळतात. तीन-पंचमांश मतांनी संस्था विसर्जित करता येते आणि देणी भागल्यावर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. ती संस्था मुलींसाठीच काम करणारी असावी, हे नियमावलीत आजच लिहावे. मुलींच्या नोंदवह्या, संमतिपत्रे आणि तक्रारींची कागदपत्रे कोण, किती वर्षे आणि कुठे कुलूपबंद ठेवील, आणि कोणत्या दिवशी नष्ट करील, हेही त्याच कलमात घालावे.